चित्राभोवतीची हद्द

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या बहुतेक पुस्तकांत पहिलं उदाहरण आकृत्यांचं असतं. 'आकृती' नावाचा एक क्लास, त्याच्या पोटी वर्तुळ, चौकोन, त्रिकोण, आणि प्रत्येकाला स्वतःला पडद्यावर काढता येतं. विद्यार्थ्याच्या मनात त्यातून एक समजूत घट्ट बसते की चित्र आणि ऑब्जेक्ट यांचं जन्मजात सख्य आहे. सॉफ्टवेअरचा प्रचलित इतिहासही त्याच सुरात सांगितला जातो: आधी फोरट्रान आणि सी या भाषांतले लांबलचक, गुंतलेले प्रोग्राम होते, मग ऑब्जेक्ट आले आणि पसारा आवरला गेला. इमेज प्रोसेसिंगच्या इतिहासाला ही गोष्ट लावून पाहिली तर ती बसत नाही. छायाचित्रं, क्ष-किरण प्रतिमा किंवा सूक्ष्मदर्शकातली दृश्यं हाताळणाऱ्या नावाजलेल्या प्रोग्राममध्ये आत शिरून पाहावं, तर तळाशी सापडतो तो आकड्यांचा साधा, उघडा ॲरे. त्यावर चालणारा कोड आजही दोन फॉर-लूप एकात एक घालून लिहिलेला असतो आणि तो १९७० सालच्या प्रोग्रामरला सहज वाचता येईल. मग तीस-चाळीस वर्षं या क्षेत्राने ऑब्जेक्टचा एवढा खटाटोप केला तो कशासाठी? माझं म्हणणं असं, की ऑब्जेक्टनी चित्रावरच्या आकडेमोडीत फारशी भर घातली नाही. त्यांनी चित्राभोवती एक हद्द आखली, आणि त्या हद्दीमुळे एकमेकांचं तोंडही न पाहिलेली माणसं एकाच प्रोग्रामात आपापलं काम जोडू शकली. हा बदल गणिताचा नव्हता, श्रमविभागणीचा होता. ज्यांनी हद्द योग्य जागी आखली त्यांचे प्रोग्राम टिकले. ज्यांनी ती पिक्सेलच्या फार जवळ नेली त्यांना त्याची किंमत मोजावी लागली.

मुळात संगणकावरच्या चित्राच्या कल्पना दोन होत्या आणि त्या वेगवेगळ्या घरांत वाढल्या. १९५७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल कर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीॲक नावाच्या संगणकाला जोडलेल्या स्कॅनरवर कर्श यांच्या तान्ह्या मुलाचा फोटो चढवला. त्याचे आडवे १७६ आणि उभे १७६ ठिपके झाले, म्हणजे एकूण ३०,९७६. ठिपका काळा की पांढरा एवढंच यंत्राला कळत होतं. करड्या छटा हव्या असतील तर उजेडाची मर्यादा बदलून पुन्हा स्कॅन करायचं आणि ते निकाल एकत्र करायचे. इथे चित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता. १९६४ मध्ये रेंजर-७ यानाने चंद्राची छायाचित्रं पाठवली आणि जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत ती संगणकावर सुधारली गेली, तीही याच समजुतीने. दुसरी कल्पना १९६३ ची. एमआयटीच्या आयव्हन सदरलँड यांनी लिंकन लॅबोरेटरीतल्या टीएक्स-२ या संगणकावर, पीएच.डी.साठी, स्केचपॅड नावाचा प्रोग्राम लिहिला. प्रकाशलेखणीने पडद्यावर रेघा ओढायच्या, एक मूळ आकृती तयार करायची आणि तिच्या हव्या तेवढ्या प्रती मांडायच्या. मूळ आकृतीत बदल केला की सगळ्या प्रती आपोआप बदलत. या चित्रात ठिपके नव्हते, नाती होती. ॲलन के यांनी ऑब्जेक्टच्या कल्पनेची प्रेरणा म्हणून स्केचपॅडचं आणि नॉर्वेच्या ओल-योहान डाल व क्रिस्टन न्यूगार्ड यांच्या सिम्युला भाषेचं ऋण पुढे मोकळेपणाने मान्य केलं. म्हणजे पुस्तकातल्या वर्तुळ-चौकोनांची वंशावळ खरी आहे, पण ती सदरलँड यांच्या घराण्याची आहे. कर्श यांच्या तक्त्याशी तिचा संबंध नाही, आणि इमेज प्रोसेसिंग वाढलं ते त्या तक्त्यावर.

ही दोन घराणी पहिल्यांदा समोरासमोर आली ती कॅलिफोर्नियातल्या पालो ऑल्टो इथे, झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात. तिथे १९७० च्या दशकात के आणि त्यांच्या गटाने स्मॉलटॉक ही भाषा घडवली. तिच्यात सगळंच ऑब्जेक्ट: आकडा ऑब्जेक्ट, अक्षर ऑब्जेक्ट, खिडकी ऑब्जेक्ट, आणि एकाने दुसऱ्याला निरोप पाठवल्याशिवाय काहीच घडत नाही. ज्या ऑल्टो संगणकावर ती चाले त्याच्या पडद्यावर ६०६ बाय ८०८ ठिपके होते आणि प्रत्येक ठिपक्यामागे स्मृतीतला एक बिट होता. गुणाकार केला तर साधारण ६० किलोबाइट होतात, आणि ऑल्टोची मूळ स्मृती होती १२८ किलोबाइट. जवळजवळ अर्धी स्मृती नुसता पडदा उजळत ठेवण्यात जात होती. या पडद्यावर खिडक्या सरकवणं, अक्षरं उमटवणं, मेनू उघडणं असह्य संथ होऊ लागलं, तेव्हा डॅन इंगल्स यांनी १९७५ मध्ये बिटब्लिट ही क्रिया बसवली. स्मृतीतल्या एका जागेवरचा बिटांचा आयत उचलायचा आणि दुसऱ्या जागी ठेवायचा, ठेवताना दोन्हींचा तार्किक मेळ कसा घालायचा ते सांगायचं, एवढंच तिचं काम. वेगासाठी ती थेट यंत्राच्या मायक्रोकोडमध्ये लिहिली गेली. पुढे स्मॉलटॉक-८० मध्ये बिटब्लिट नावाचा रीतसर क्लास होता. उचलायचं कुठून, ठेवायचं कुठे, नियम कोणता, कापायचं कुठे, हे सगळं तो ऑब्जेक्ट सांभाळायचा. पण प्रत्यक्ष 'कॉपीबिट्स' म्हटलं की स्मॉलटॉक थांबायची आणि खालचं यंत्र काम हाती घ्यायचं. सगळं काही ऑब्जेक्ट असावं असा आग्रह धरणाऱ्या भाषेनेच ठिपक्याच्या दारात पादत्राणं काढून ठेवली होती. माझ्या मते या इतिहासातला हा सर्वांत बोलका पुरावा आहे. हा निर्णय ऑब्जेक्टच्या कोण्या विरोधकाचा नव्हता, त्या कल्पनेच्या जन्मदात्यांच्याच गटातला होता.

यावर सरळ आक्षेप येतो: ती यंत्रंच दुबळी होती, १२८ किलोबाइटमध्ये आणखी काय करणार? आज स्मृती मुबलक आहे, तेव्हा हा मुद्दा शिळा झाला. आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धंच. हजार बाय हजार ठिपक्यांचं करड्या छटांचं चित्र बाइटच्या ॲरेत दहा लाख बाइट घेतं. जावासारख्या भाषेत प्रत्येक पिक्सेलचा ऑब्जेक्ट केला तर ऑब्जेक्टचा मथळा आणि त्याच्याकडे बोट दाखवणारा संदर्भ मिळून हाच आकडा साधारण वीसपट होतो, आणि ते ऑब्जेक्ट स्मृतीत विखुरलेले असल्याने प्रोसेसरच्या कॅशेचा फायदाही हातचा जातो. तरी समजा, स्मृती फुकट आहे आणि वेगाचीही चिंता नाही. मग पिक्सेलचा ऑब्जेक्ट करण्यात शहाणपण आहे का? ऑब्जेक्टचं बळ दोन गोष्टींत असतं. त्याला आतलं काही लपवायचं असतं आणि स्वतःचं असं वागणं असतं. पिक्सेलकडे लपवायला काय आहे? १३७ हा आकडा. त्याचं वागणं काय? स्वतःपुरतं काहीच नाही. चित्र धूसर करायचं, कडा शोधायच्या, डाग पुसायचे, या साऱ्या क्रियांत पिक्सेलला अर्थ येतो तो शेजाऱ्यांमुळे: भोवतीचे आठ, कधी चोवीस, आणि फूरिए रूपांतर करायचं झालं तर चित्रातले सगळेच. ज्याचा सगळा अर्थ शेजाऱ्यांकडे गहाण आहे त्याच्याभोवती भिंत बांधायची आणि मग प्रत्येक शेजाऱ्यासाठी तिला खिडकी पाडायची, हा उद्योग यंत्र कितीही वेगवान झालं तरी शहाणपणाचा ठरत नाही.

हद्द कुठे आखली गेली याचा दुसरा पुरावा सगळ्यांच्या परिचयाच्या प्रोग्राममध्ये आहे. मिशिगन विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या थॉमस नोल यांनी १९८७ मध्ये मॅकिंटॉशवर करड्या छटांची चित्रं दाखवणारा एक छोटा प्रोग्राम लिहायला घेतला. भाऊ जॉन नोल चित्रपटांच्या दृश्य-करामतींच्या धंद्यात होते, त्यांनी तो वाढवायला लावला, आणि फेब्रुवारी १९९० मध्ये ॲडोबीने तो फोटोशॉप म्हणून बाजारात आणला. पहिल्या फोटोशॉपचा मूळ कोड कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियमने २०१३ मध्ये लोकांसाठी खुला केला, त्यामुळे इथे तर्क लढवावा लागत नाही. १७९ फाइली, सुमारे १ लाख २८ हजार ओळी. त्यांतल्या साधारण ७५ टक्के पास्कलमध्ये, १५ टक्के मॅकिंटॉशच्या ६८००० प्रोसेसरच्या असेंब्ली भाषेत, उरलेलं इतर साहित्य. पाया होता ॲपलचा मॅकॲप, म्हणजे ऑब्जेक्ट पास्कलमध्ये लिहिलेला क्लासांचा संच. खिडकी, दस्तऐवज, मेनू, केलेली आज्ञा मागे घेण्याची सोय, हे सगळं मॅकॲपच्या ऑब्जेक्टकडे होतं. चित्रातल्या लाखो ठिपक्यांवरून पुन्हा पुन्हा फिरणारी कामं आली की कोड उघड्या स्मृतीवर आणि असेंब्लीवर उतरे. एका माणसाने एकहाती लिहिलेल्या प्रोग्राममध्येही ही वाटणी आपोआप पडली. माणसाशी बोलणारी बाजू ऑब्जेक्टची, चित्राशी बोलणारी बाजू आकड्यांची.

पण हद्दीचं खरं सामर्थ्य दिसतं ते विक्रीसाठी नसलेल्या एका प्रोग्रामच्या कुळकथेत. बेथेस्डा इथल्या अमेरिकन राष्ट्रीय आरोग्य संस्थेत, म्हणजे एनआयएचमध्ये, वेन रॅसबँड हे प्रोग्रामर शास्त्रज्ञांना प्रतिमा मोजण्याची साधनं करून देत. आधी त्यांनी पीडीपी-११ या मिनी संगणकासाठी प्रोग्राम लिहिला होता. १९८७ मध्ये मॅकिंटॉश-२ साठी पास्कलमध्ये एनआयएच इमेज लिहायला सुरुवात केली. जेलवरचे पट्टे किती गडद आहेत ते मोजणं, पेशी मोजणं, डागांचं क्षेत्रफळ काढणं, अशी प्रयोगशाळेतली रोजची कामं एका साध्या डेस्कटॉप संगणकावर होऊ लागली. सरकारी नोकराने नोकरीत केलेलं काम असल्याने अमेरिकन कायद्यानुसार त्यावर कॉपीराइट नव्हता. प्रोग्राम आणि त्याचा मूळ कोड कोणीही घ्यावा, वापरावा, बदलावा. वापरणाऱ्याला पास्कलसारख्या छोट्या भाषेत मॅक्रोही लिहिता येत. पण मॅक्रो होते संथ, आणि त्यांची मजल प्रोग्रामने आधीच दिलेल्या आज्ञांपुरती. त्यापलीकडे नवं, वेगवान काही घालायचं तर मूळ पास्कल कोडात उतरायचं, तो समजून घ्यायचा, आणि सगळा प्रोग्राम पुन्हा कंपाइल करायचा. अशी केलेली सुधारणा त्या प्रयोगशाळेपुरतीच राही. रॅसबँड यांनी पुढची आवृत्ती काढली की ती पुन्हा बसवावी लागे. शिवाय प्रोग्राम मॅकिंटॉशपुरता. विंडोजवर आणण्याचं काम स्कायॉन या खासगी कंपनीने केलं, पण त्यामुळे एकाच कामाच्या दोन वाटा झाल्या.

१९९५ मध्ये जावा आली. रॅसबँड यांनी जुना पास्कल प्रोग्राम बाजूला ठेवून तिच्यात सगळं नव्याने लिहिलं, आणि १९९७ मध्ये इमेज-जे लोकांसमोर आला. यातला कळीचा भाग वाचणाऱ्याला फसवा वाटेल इतका लहान आहे. 'प्लगइन' नावाचा एक इंटरफेस आणि त्यात एकच मेथड: रन. कोणीही या इंटरफेसला बांधील असा क्लास लिहावा, कंपाइल करावा, प्लगइन्स नावाच्या फोल्डरमध्ये टाकावा, आणि इमेज-जे पुन्हा सुरू केला की मेनूमध्ये नवी आज्ञा हजर. क्लासच्या नावात एक अंडरस्कोर हवा एवढीच अट, म्हणजे मेनूत घ्यायची फाइल कोणती ते प्रोग्रामला ओळखता येतं. (सॉफ्टवेअर रचनेच्या पाठ्यपुस्तकाने नाक मुरडावं अशी ही युक्ती आहे, आणि ती वर्षानुवर्षं बिनतक्रार चालली.) चित्रावर काम करणाऱ्यांसाठी 'प्लगइन-फिल्टर' हा दुसरा इंटरफेस: सेटअपमध्ये सांगायचं की आपल्याला कोणत्या जातीची चित्रं चालतात, आणि रनमध्ये चित्र हातात मिळतं. अनडूची तरतूद, निवडलेल्या भागापुरतंच काम, चित्रांच्या चवडीतल्या प्रत्येक चित्रावर तीच क्रिया, हे सगळं बाहेरचा प्रोग्राम सांभाळतो. विशेष म्हणजे रॅसबँड यांनी स्वतःच्या कितीतरी आज्ञाही याच इंटरफेसमधून जोडल्या. घरच्यांना एक दार आणि पाहुण्यांना दुसरं, असं ठेवलं नाही.

आता दाराच्या आत काय आहे ते पाहू. इमेज-जेमध्ये आठ बिटांच्या चित्रासाठी बाइट-प्रोसेसर, सोळा बिटांसाठी शॉर्ट-प्रोसेसर, दशांश आकड्यांसाठी फ्लोट-प्रोसेसर आणि रंगीत चित्रासाठी कलर-प्रोसेसर असे क्लास आहेत, आणि चौघांच्या डोक्यावर इमेज-प्रोसेसर हा सामाईक क्लास. इथवर पुस्तकाबरहुकूम. पण प्लगइन लिहिणारा पहिल्या-दुसऱ्या ओळीतच 'गेट-पिक्सेल्स' म्हणतो, आणि समोर येतो चित्राचा खराखुरा ॲरे. त्याची नक्कल नव्हे, मूळच. त्याचा प्रकारही भाषेला ठाऊक नसतो. तो नुसता 'ऑब्जेक्ट' म्हणून हातात पडतो, आणि हा बाइटचा ॲरे आहे असं लिहिणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर सांगायचं असतं. वर जावातला बाइट ऋण आकडेही धरतो, त्यामुळे १२८ आणि त्यापुढची प्रत्येक छटा उणे दिसते. ती २५५ बरोबर बिटवार जुळवून सरळ करून घ्यायची, हे प्रत्येक नवख्याला एकदा तरी ठेच लागून कळतं. 'आतली माहिती झाकून ठेवा' हा ऑब्जेक्ट ओरिएंटेड धर्माचा पहिला नियम इथे राजरोस मोडलेला आहे. माझ्या मते तो मोडला म्हणूनच प्रोग्राम चालला. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकाला फॉर-लूप येतो, वारसाहक्क आणि अमूर्त क्लास येतातच असं नाही. त्याला ॲरे मिळाला की तो आपलं गणित लिहू शकतो. फाइल कशी उघडली, खिडकी कुठे आहे, माउसने कोणता भाग निवडला, हे त्याला कळण्याची गरज उरत नाही. ऑब्जेक्टनी लपवलं ते चित्र नव्हे, चित्राभोवतीचा सगळा संसार.

परिणाम मोजायचा तर त्या दारातून कोण आत आलं ते पाहावं. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातल्या गटाने बायो-फॉरमॅट्स आणलं. सूक्ष्मदर्शक बनवणारी प्रत्येक कंपनी आपली वेगळी फाइल काढते, अशा शंभराहून अधिक प्रकारच्या फाइली ते वाचतं. मेंदूतल्या चेतापेशींची जाळी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या कापांवरून रेखाटण्यासाठी अल्बर्ट कार्डोना यांनी ट्रॅक-ईएम-२ लिहिलं. ड्रेस्डेनच्या मॅक्स प्लांक संस्थेत प्लगइनांची निवडक मोट बांधून फिजी हे वितरण तयार झालं. फिजीवरचा शोधनिबंध २०१२ मध्ये 'नेचर मेथड्स'मध्ये आला तेव्हा जगभरच्या जीवशास्त्रज्ञांना हा प्रोग्राम ओळखीचा झालेला होता. हे लोक रॅसबँड यांचे कर्मचारी नव्हते, त्यांच्या कोडात त्यांनी हात घातलेला नव्हता. रॅसबँड यांची नवी आवृत्ती आली तरी या लोकांची प्लगइनं बहुधा तशीच चालत राहत.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप उभा राहतो. हे श्रेय ऑब्जेक्टचं कशावरून? प्रोग्राम फुकट होता, कोड खुला होता, त्याच सुमारास इंटरनेट पसरलं, जावा सगळ्या यंत्रांवर चालत होती, आणि एक माणूस दशकानुदशकं त्याची निगा राखत होता. एवढं असल्यावर तो इतर कोणत्याही पद्धतीने लिहिला असता तरी फोफावला असता. यातला बराच भाग मान्य करायला हवा. मात्र फुकटपणा, खुला कोड आणि रॅसबँड, हे तिन्ही एनआयएच इमेजकडेही होते, आणि मॅक्रो लिहिणारा त्याचा वापरकर्ता-वर्गही उत्साही होता. तरी बाहेरच्यांनी लिहिलेली मोठी कामं त्याच्यावर अशी बसली नाहीत. फरक पडला तो जोडणीच्या जागी. जावाने तीन गोष्टी एकत्र आणल्या: कुठल्याही यंत्रावर चालणारा बाइटकोड, प्रोग्राम चालू असताना नवा क्लास आत घेण्याची सोय, आणि त्या क्लासने काय पाळायचं हे सांगणारा इंटरफेस. पहिल्या दोन गोष्टी म्हणजे ऑब्जेक्ट नव्हेत हे खरं. पण तिसरी नसती तर आत घेतलेल्या अनोळखी कोडशी बोलायचं कसं, हे ठरलंच नसतं. उलट बाजूने कोणी फोटोशॉपचा दाखला देईल. त्यालाही प्लगइन होते, ते क्लासविना चालत, आणि एनआयएच इमेज स्वतःच फोटोशॉपचे काही प्लगइन स्वीकारत असे. तो दाखला माझ्या बाजूचाच वाटतो. फोटोशॉपच्या प्लगइनला आत यायला एकच वाट होती, आणि तिथे त्याला एकेक निरोप मिळे: स्वतःची ओळख दाखव, तयारी कर, सुरू कर, पुढे चालव, आवर. भाषा ऑब्जेक्टची नव्हती, शिस्त ऑब्जेक्टचीच होती. हद्द आखण्याची गरज आधीपासून होती, भाषेने ती स्वस्त केली. इमेज-जेने तर ती इतकी स्वस्त केली की पदवीचा विद्यार्थी दुपारभरात ती ओलांडू शके.

सी++ च्या वाटेने गेलेल्यांचा अनुभव थोडा वेगळा आहे, आणि त्यात एक माणूस विशेष लक्ष वेधून घेतो. जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधन केंद्रातले बिल लॉरेन्सन १९८७ मध्ये हार्वी क्लाइन यांच्यासह 'मार्चिंग क्यूब्स' या पद्धतीचे जनक ठरले. सीटी स्कॅनच्या कापांतून हाडाचा किंवा त्वचेचा त्रिमित पृष्ठभाग काढायची ही पद्धत. हेच लॉरेन्सन १९९१ मध्ये जेम्स रम्बॉ आदींबरोबर ऑब्जेक्ट ओरिएंटेड रचनेवरच्या गाजलेल्या पाठ्यपुस्तकाचे सहलेखक होते, आणि १९९३ मध्ये विल श्रोडर व केन मार्टिन यांच्यासह व्हीटीके या दृश्यीकरणाच्या संचाचे कर्तेही. ऑब्जेक्टचा पुरस्कार आणि प्रतिमांचं गणित एकाच डोक्यात नांदत होतं, आणि तरी व्हीटीकेमध्ये ऑब्जेक्ट झाले ते फिल्टर, म्हणजे क्रिया. एकाचं तोंड दुसऱ्याला जोडत नळाची रांग करावी तशी त्यांची मांडणी. आकडे मात्र त्या नळांतून ॲरे म्हणूनच वाहतात. १९९९ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या पैशातून आयटीके हा वैद्यकीय प्रतिमांचा संच सुरू झाला तेव्हा पिक्सेलचा प्रकार आणि चित्राच्या मिती टेम्प्लेटमधून ठरवण्याची वाट धरली गेली. दर पिक्सेलमागे आभासी मेथडचा फेरा नको, निर्णय कंपाइल करतानाच होऊ दे, हा त्याचा लाभ. वेग मिळाला, सर्वसमावेशकता मिळाली. त्याबरोबर आलं ताटकळवणारं कंपाइलिंग आणि चुका दाखवणारे पानभर लांबीचे संदेश, ज्यांच्यापुढे भल्याभल्यांनी हात टेकले. हद्द पिक्सेलजवळ नेली की किंमत पडते, म्हटलं ते हेच. इंटेलमध्ये १९९९ मध्ये गॅरी ब्रॅडस्की यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ओपनसीव्ही या लायब्ररीने उलटा प्रवास केला. आरंभी ते सीमध्ये होतं. चित्र म्हणजे एक साधं स्ट्रक्चर, आणि काम झालं की ते आठवणीने मोकळं करायचं. विसरलं की स्मृती गळत राहायची, आणि व्हिडिओवर काम करताना सेकंदाला पंचवीस-तीस चित्रं येत असल्याने ती गळती मिनिटांत यंत्र बुडवी. २००९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सी++ चा मॅट हा क्लास आला. त्याची नक्कल केली तर फक्त मथळ्याची होते, पिक्सेल तेच राहतात, आणि शेवटचा वापरणारा बाजूला झाला की स्मृती आपोआप मोकळी होते. ऑब्जेक्टने इथेही चित्राला हात लावला नाही, चित्राची मालकी कोणाची एवढं ठरवलं.

पायथॉनवाल्यांनी तर हा वाद एका वाक्यात मिटवला. २००९ मध्ये सुरू झालेल्या सायकिट-इमेज या लायब्ररीत 'चित्र' नावाचा क्लासच नाही. चित्र म्हणजे नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीचा ॲरे, फंक्शनने तो घ्यायचा आणि नवा ॲरे परत द्यायचा. पायथॉन ही नखशिखांत ऑब्जेक्टची भाषा, नमपायचा ॲरेही ऑब्जेक्टच, पण तो चित्राबद्दल काही जाणत नाही, आणि म्हणूनच खगोलशास्त्रज्ञ, डॉक्टर आणि यंत्रशिक्षणवाले तोच ॲरे एकमेकांच्या हाती देऊ शकतात.

तरी एक प्रतिउदाहरण खरं आहे आणि ते टाळता येत नाही. फिजीच्याच वर्तुळातून आलेल्या इमग्लिब-२ या जावा लायब्ररीने पिक्सेलपर्यंत अमूर्तता नेली आणि ती चालवूनही दाखवली. तिच्यात अल्गोरिदम एकदाच लिहायचा. तो आठ बिटांवर, सोळा बिटांवर, दोन मितींत किंवा पाच मितींत, तसाच चालतो. चित्र स्मृतीत मावत नसेल तर तुकड्यातुकड्यांनी डिस्कवरून येतं, लिहिणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. माझा सिद्धांत इथे कोसळतो का? बारकाईने पाहिलं तर तिथेही पिक्सेलागणिक ऑब्जेक्ट नाही. एकच ऑब्जेक्ट सगळ्या चित्रावरून फिरतो, ज्या जागी थांबतो तिथला आकडा आपला म्हणून सांगतो आणि पुढे सरकतो. आकडे बहुधा साध्या ॲरेतच असतात. जावाचा जस्ट-इन-टाइम कंपाइलर मधले फेरे पुसून टाकू शकतो म्हणून हे परवडतं. तेव्हा हद्द एक पाऊल आत सरकली आहे, पिक्सेलवरून गेलेली नाही. पण त्या एका पावलाची किंमत आहे. या लायब्ररीतल्या साध्या फिल्टरच्या पहिल्या ओळीतच जेनेरिक्सची जी साखळी लिहावी लागते, ती पाहून प्रयोगशाळेतला नवखा विद्यार्थी जुन्या 'गेट-पिक्सेल्स'कडे परत वळतो यात नवल नाही. अनेक मितींची, टेराबाइटच्या मापाची चित्रं हाताळणाऱ्यांना ती साखळी सोन्याची आहे. दोघंही बरोबर आहेत, दोघांची चित्रं वेगळी आहेत.

इमेज-जेच्या उघडेपणाची किंमत पुढे वेगळ्याच ठिकाणी चुकवावी लागली. इमेज-जे-२ या नावाने प्रोग्राम नव्या पायावर उभारायचा प्रकल्प हाती घेतला गेला तेव्हा अभियंत्यांना दिसलं, की जुन्या प्रोग्राममध्ये सगळीकडून हाक मारता येईल असे स्टॅटिक क्लास आहेत, चालू चित्र कोणतं हे एका जागतिक जागी लिहिलेलं आहे, आणि शेकडो प्लगइनं या सगळ्यावर, उघड्या ॲरेसह, विसंबून आहेत. ज्यांनी ती लिहिली त्यांतले कित्येक पीएच.डी. संपवून दुसऱ्या कामाला लागलेले, तेव्हा बदल कळवायचा तरी कोणाला? रॅसबँड २०१० मध्ये निवृत्त झाले, तरी जुना इमेज-जे ते पुढेही वाढवत राहिले. जुना कोड मोडता येत नव्हता, सोडता येत नव्हता. शेवटी नव्या गटाने एक आडवळणी उपाय काढला. जुन्या इमेज-जेच्या मूळ कोडला हात न लावता, प्रोग्राम सुरू होताना त्याचे क्लास स्मृतीत चढत असतात त्या क्षणी, त्यांच्या बाइटकोडमध्ये ठिगळं लावायची. हे काम करणारा स्वतंत्र प्रोग्राम त्यांनी लिहिला आणि तो फिजीबरोबर वाटला. त्यामुळे फिजी उघडणाऱ्याच्या यंत्रावर चालतो तो ठिगळं लावलेला इमेज-जे, आणि अंडरस्कोरवालं जुनं प्लगइन त्यालाच आपला जुना प्रोग्राम समजून रन होतं.